मसल कार की सुपरकार? नगरच्या रस्त्यावर कोण टिकतं

हे आपल्या या भागाचं लिखित रूप. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढून टाकलीत, बाकी बोलणं जसंच्या तसं.

राहुरीच्या एका श्रोत्याचा प्रश्न आला होता: "अमेरिकन मसल कार भारी का युरोपची सुपरकार? रेसला नाही, आपल्या रोडला." यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. रेसला कोण पुढे जातं याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. पण राहुरीहून नगरला, नगरहून करंजी घाट उतरून पाथर्डीला, नाहीतर कोपरगावजवळ समृद्धीवर चढून नाशिककडे, अशा रोडला कोणती गाडी जमेल? ते कुणी नीट सांगत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्या रोडला मसल कार जास्त जमते. पण आवाज मोठा किंवा हॉर्सपॉवर जास्त म्हणून नाही. हॉर्सपॉवर तर तिची कमीच असते. ती जमते पोटाखालच्या जागेमुळे, टायरच्या जाडीमुळे आणि तिची मजा कमी वेगात मिळते म्हणून. आणि एक जागा अशी आहे जिथे दोन्ही गाड्या सारख्याच हरतात. ती शेवटी बघू.

दोन घराणी, दोन प्रकारचे रस्ते

आधी हे दोन प्रकार आले कुठून ते बघू. १९६४ साली अमेरिकेत पाँटिअॅक कंपनीनं एक साधी मधल्या आकाराची गाडी घेतली आणि तिच्यात ६.४ लिटरचं मोठं व्ही-एट इंजिन बसवलं. ती जीटीओ. मसल कारची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. काटेकोर बोलायचं तर मस्टँगला तिकडे 'पोनी कार' म्हणतात, पण आपण तिला मसल कारमध्येच धरू. कल्पना सरळ होती: साधी बॉडी, मोठं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, आणि किंमत नोकरदार तरुणाला झेपेल एवढी. तिकडे पेट्रोल स्वस्त आणि रस्ते लांब, रुंद, सरळ. त्यामुळे गाडीही सरळ रेषेत जोरात ओढणारी झाली.

इटलीचं गणित वेगळं. पेट्रोल महाग, डोंगरातले रस्ते वळणांचे, आणि मोठ्या इंजिनावर कर जबरदस्त. तो कर इतका, की १९७५ मध्ये फेरारीनं खास इटलीच्या बाजारासाठी फक्त २ लिटर इंजिनाची गाडी काढली. इंजिन लहान ठेवायचं तर ताकद आणायची कुठून? इंजिन जास्त फिरवून. म्हणून त्यांची इंजिनं ८,००० आरपीएमपर्यंत ओरडतात, गाडी हलकी आणि बुटकी असते, आणि वळणावर तोल राहावा म्हणून इंजिन बऱ्याचदा ड्रायव्हरच्या पाठीमागे असतं.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. लांबोर्गिनी हे नाव आधी ट्रॅक्टरचं. फेरुच्चो लांबोर्गिनी यांनी १९४८ साली ट्रॅक्टरचा कारखाना काढला, स्पोर्ट्स कारची कंपनी १९६३ ची. पुढे ट्रॅक्टरचा धंदा विकला गेला, पण त्या नावाचे ट्रॅक्टर नंतरही बनत राहिले.

म्हणजे दोन्ही गाड्या आपापल्या देशाच्या रस्त्यांनी घडवल्या. आपला रस्ता दोघींनाही परका. प्रश्न एवढाच, की कोण लवकर रुळतं.

समोरासमोर उभं करू

हवेत बोलण्यापेक्षा भारतात खरोखर विकल्या गेलेल्या दोन गाड्या घेऊ. एक फोर्ड मस्टँग जीटी. ही २०१६ मध्ये भारतात आली, दिल्ली एक्स-शोरूम ६५ लाखांना. कारखान्यातूनच उजव्या बाजूला स्टेअरिंग असलेली ही मस्टँगची पहिली पिढी, म्हणूनच ती आपल्याकडे सरळ विकता आली. दुसरी लांबोर्गिनी हुराकान. ही २०१४ ची, किंमत ३ कोटींच्या वर.

मस्टँग: ५ लिटरचं व्ही-एट इंजिन, भारतातल्या मॉडेलला साधारण ४०० हॉर्सपॉवर, ५१५ न्यूटन-मीटर टॉर्क. शून्य ते १०० ला साधारण ५ सेकंद. मागे दोन छोट्या सीट, आणि डिकी साडेतीनशे लिटरच्या वर. म्हणजे दोघांच्या बॅगा आरामात बसतात.

हुराकान: ५.२ लिटरचं व्ही-टेन, ६१० हॉर्सपॉवर, ५६० न्यूटन-मीटर. शून्य ते १०० फक्त ३.२ सेकंदांत. सीट दोनच, डिकी पुढे, साधारण १०० लिटरची. एक बॅग आणि थोडं इकडचं-तिकडचं.

कागदावर लांबोर्गिनी जिंकली. यात वादच नाही. ब्रेक चांगले, वळणावरची पकड चांगली, वजन कमी. मालेगाव स्टँडवरच्या चहावाल्यालाही हे पटेल. पण कागदावरचं रोडला किती उरतं?

१२० ला किती घोडे लागतात?

समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटर, कोपरगाव तालुक्यातून जातो, शिर्डीसाठी उतरायला कोकमठाणला सोय. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा, इगतपुरीपुढचा, जून २०२५ मध्ये. सपाटीवर कारला वेगमर्यादा १२०. आपल्या भागातला हा सगळ्यात वेगवान कायदेशीर रस्ता.

आता साधा हिशोब. सपाट रस्त्यावर १२० चा वेग टिकवायला इंजिनाला दोन गोष्टींशी भांडावं लागतं: हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण. मस्टँगएवढ्या गाडीला त्यासाठी किती ताकद लागते? तीस-पस्तीस हॉर्सपॉवर. बस. ४०० मधले तीस-पस्तीस. लांबोर्गिनीत ६१० मधले साधारण तेवढेच.

म्हणजे बाकीचे घोडे कामाला येतात फक्त वेग वाढवताना, ओव्हरटेक करताना. आणि तो वेळ किती? हुराकान शून्यापासून १२० ला चार-साडेचार सेकंदांत पोचते. त्यानंतर पाय काढायचा. तीन कोटींची मजा साडेचार सेकंदांत संपली.

इथे मसल कारचा स्वभाव कामाला येतो. मोठं व्ही-एट इंजिन दीड-दोन हजार आरपीएमलाच भरपूर ओढतं. गाडी ५० वरून ८० ला न्यायची तर गिअर पाडायची, इंजिन किंचाळवायची गरज नाही; पाय थोडा दाबला की पाठ सीटला टेकते. लांबोर्गिनीतही खाली ताकद कमी नाही, हे मान्य करायला हवं. पण ती गाडी बनवली ज्या क्षणासाठी, तो क्षण ८,००० आरपीएमला येतो, आणि तिथपर्यंत जाईस्तोवर तुम्ही कायद्याच्या पलीकडे पोचलेले असता. मस्टँग ६० च्या स्पीडला गाडी चालवल्याचं समाधान देते. लांबोर्गिनी ६० ला तुम्हाला वाट बघायला लावते.

गतिरोधकाचं गणित

आता आपल्या खऱ्या परीक्षकाकडे येऊ: गतिरोधक.

इंडियन रोड्स काँग्रेसनं गोल गतिरोधकाचं माप ठरवून दिलंय. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वक्रता १७ मीटर त्रिज्येची, आणि त्यावरून २५ च्या वेगानं गाडी जावी अशी अपेक्षा. सुपरकारच्या पोटाखाली जागा असते साधारण ११ ते १३ सेंटिमीटर, मस्टँगला साडेतेरा-चौदा, आणि आपल्या स्विफ्टला १६.३.

लोकांना वाटतं, दहा सेंटिमीटरच्या उंचवट्यावर सुपरकार अडकणारच. पण नियमाच्या गतिरोधकावर ती अडकत नाही. का ते बघा. गतिरोधक ३.७ मीटर रुंद आहे आणि हुराकानच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.६२ मीटर. म्हणजे मधोमध आल्यावर चारही चाकं गतिरोधकावरच चढलेली असतात. सोबत गाडीही वर उचलली जाते. दोन्ही चाकांच्या मधे रस्त्याचा फुगवटा उरतो फक्त ५ सेंटिमीटरचा. मस्टँगला साडेपाच. दोघी आरामात जातात. चढही सुरुवातीला सहा अंशांच्या आसपास असतो, नाक घासत नाही, गाडी हळू असली तर.

आता गावातला गतिरोधक बघा. डांबराचा ढीग, दोन फूट रुंद, वीत-दीड वीत उंच. कुणाच्या तरी दारात अपघात झाला, लोकांनी रस्ता अडवला, रातोरात टाकला. त्यांचा राग खोटा नाही, पण माप चुकलं. हा अख्खा ढीग दोन चाकांच्या मधे येतो. मग त्याची पूर्ण उंची पोटाला भिडते. ढीग १५ सेंटिमीटरचा असला तर मस्टँगही घासणार आणि लांबोर्गिनीचं तर पोटच टेकणार.

सुपरकारमध्ये नाक वर उचलायचं बटण असतं. पुढची बाजू साधारण ४ सेंटिमीटरनं वर येते. बेसमेंटच्या उतारावर आणि सोसायटीच्या गेटवर ते फार कामाचं. पण ते नाक उचलतं, पोट नाही. मधल्या भागाला त्यातला अर्धाच फायदा मिळतो. आणि दर चारशे मीटरला बटण दाबत कोण जाणार?

म्हणून माझं म्हणणं असं, की या गाड्यांचा खरा शत्रू गतिरोधक नाही, बेमाप गतिरोधक आहे. तोच शत्रू स्कूटरवरच्या बाईचा, अँब्युलन्समधल्या पेशंटचा आणि एसटीच्या शेवटच्या बाकावरच्या म्हातारबाबांचाही. सुपरकारवाल्याचं पोट घासतं, बाकीच्यांची पाठ जाते.

टायर, पेट्रोल, वर्कशॉप

खड्ड्यात रिम वाचवते ती टायरची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतचं रबर. ती टायरवरच्या आकड्यांतून काढता येते. हुराकानचा पुढचा टायर २४५/३० आर २०. २४५ चे ३० टक्के, म्हणजे साधारण ७४ मिलिमीटर. मस्टँगचा २५५/४० आर १९, म्हणजे १०२ मिलिमीटर. स्विफ्टचा १८५/६५ आर १५, म्हणजे १२०. नगर-मनमाड रोडचा पावसाळ्यातला एक चांगला खड्डा पकडा आणि मग सांगा, ७४ मिलिमीटरवर तुमचा किती विश्वास आहे. मस्टँग इथे स्विफ्टच्या जवळ उभी आहे. रोजच्या वापरात हा फरक हॉर्सपॉवरपेक्षा मोठा.

पेट्रोलचंही बघा. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची त्याची सहनशक्ती, ते ऑक्टेन. युरोपात पंपावर ९५ आणि ९८ मिळतं, आणि तिकडच्या स्पोर्ट्स कार बहुधा ९८ धरून ट्यून केलेल्या असतात. अमेरिकन व्ही-एट मात्र तिकडच्या साध्या पेट्रोलवरही चालावं असं बनवलेलं, आणि ते साधं पेट्रोल आपल्या मोजणीनं ९१-९२ च्या आसपासचं. कमी ऑक्टेन टाकलं तर आजची इंजिनं लगेच फुटत नाहीत. सेन्सर ओळखतो, स्पार्क उशिरा देतो, ताकद थोडी कमी होते. पण मग ६१० घोड्यांचे पैसे कशाला दिले? इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल मोजक्या शहरांत आणलं, त्यात पुणे आणि मुंबई होते. प्रत्येक टाकीला पुणं गाठणार का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. आणि हो, २०२५ पासून पंपावर सरसकट २० टक्के इथेनॉल आहे. जुनी गाडी घेताना तिच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा किती लिहिलीय ते वाचाच. आपण ऊसवाले असलो तरी.

आता दुरुस्ती. लांबोर्गिनीची शोरूम भारतात दिल्ली, मुंबई आणि बेंगळुरूला. आपल्याला जवळची मुंबई. काही झालं की फ्लॅटबेडवर अडीचशे किलोमीटर. मस्टँगचं दुखणं वेगळं. २०२० मध्ये बीएस सहा नियम आले तेव्हा तिची विक्री थांबली, आणि २०२१ मध्ये फोर्डनं भारतातलं उत्पादनच बंद करायचं जाहीर केलं. म्हणजे आता मिळेल ती जुनी गाडी. पार्ट कुठून, किती दिवसांत, हे आधी विचारायचं आणि मग टोकन द्यायचं. उलटं नाही.

मस्टँगचे दोषही सांगतो, नाहीतर जाहिरात वाटेल. २०१७ मध्ये युरो एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये तिला पाचपैकी फक्त २ स्टार मिळाले होते. सुधारणा केल्यावर त्याच वर्षी ३ झाले. मागच्या सीटवर पोरं बसवणार असाल तर हे लक्षात ठेवा. आणि ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांना एवढी ताकद म्हणजे पाय हलका हवा. भंडारदऱ्याच्या पावसात जोर दाखवायला गेलात तर गाडीची शेपूट पुढे येते.

दोन्ही गाड्या हरतात ती जागा

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. गाळप हंगाम सुरू झाला की रात्रभर ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे बाहेर आलेले, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला किंवा नाहीच. वेग पंधरा-वीस. हे कुणाला सांगायला नको.

समोरून गाडी येतेय म्हणून तुम्ही डिपर मारलाय. डिपरवर स्पष्ट दिसतं साधारण पन्नास-साठ मीटर. ८० च्या वेगात ट्रॉली दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेली. चांगल्या टायरवर थांबायला आणखी २८. एकूण ६१ मीटर. म्हणजे डिपरवर ८० हीच काठावरची मर्यादा.

१२० ला? पहिल्या दीड सेकंदात ५० मीटर, थांबायला ६३. एकूण ११३. लांबोर्गिनीचे भारी ब्रेक आणि टायर त्यातले दहा-बारा मीटर वाचवतील. पण पहिले ५० मीटर तुमच्या मेंदूचे आहेत. ते ६५ लाखांत कमी होत नाहीत आणि ३ कोटींतही नाहीत. शिवाय तुम्ही जमिनीला टेकून बसलेले, त्यामुळे समोरच्या गाडीच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. स्कॉर्पिओवाल्याला ट्रॉली तुमच्या आधी दिसते.

आणि धोका फक्त चालवणाऱ्याला नसतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शेनं मोटरसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती मसल कार नव्हती, आवाज करणारी व्ही-टेनही नव्हती. ती इलेक्ट्रिक होती. म्हणजे प्रश्न कुठल्या देशाची गाडी हा नव्हताच. ती रस्त्यावर कुठल्या वेगानं आणि कुणाच्या हातात होती, हा होता.

या गाड्या पूर्ण जोरात चालवायची जागा वेगळी असते. गंमत म्हणजे आपण ज्या गावात बसून हे बोलतोय, तिथेच संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, आपण तिला व्हीआरडीई म्हणून ओळखतो. देशात विकायच्या गाडीचा नमुना तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या ज्या मोजक्या संस्था मोटार वाहन नियमांत नावानं लिहिलेल्या आहेत, त्यात ही एक. वेग आधी बंद ट्रॅकवर तपासायचा आणि मग गाडी लोकांत सोडायची, हे नगरला कुणी शिकवायची गरज नाही. इंदूरजवळ पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, तो याच कामासाठी. हौशी लोकांसाठी कोइम्बतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडाला रेस ट्रॅक आहेत.

तर राहुरीच्या दादांना उत्तर. वळणं आणि ट्रॅक हवा असेल, मुंबईत राहत असाल, घरी दुसरी गाडी असेल, तर सुपरकार. तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण रोज नगरला जायचं, मधे दोन खड्डे आणि चार गतिरोधक, सोबत बायको आणि दोन बॅगा, आणि ६० च्या स्पीडलाही हसू यायला हवं, तर मसल कार. आणि दोन्हीपैकी काहीच परवडत नसेल, जे आपल्यातल्या बहुतेकांचं आहे, तर आहे त्या गाडीला चांगले टायर टाका, हेडलाईटची काच पुसा, आणि हंगामात मागच्या ट्रॉलीला पदरचे पैसे घालून का होईना, रिफ्लेक्टर लावा. त्या पट्टीला लागणाऱ्या पैशात आपल्या रोडवर याहून जास्त जीव वाचवणारं दुसरं काही मिळत नाही.

पुढच्या भागात जुनी गाडी घेताना कागद कसे तपासायचे ते बघू. तुमच्या गावचा बेमाप गतिरोधक फुटपट्टी लावून मोजा, फोटो काढा आणि पाठवा. भेटू.